सात चाळीसची टक्कर

सांडोरच्या हरेशला दोन गोष्टींचा भयंकर राग. एक, फोनवर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलणारी माणसं. दुसरी, एकदा नोंदवलेली गोष्ट मागाहून गुपचूप बदलणारे प्रोग्रॅम. पहिल्या रागाचं कुणाला नवल वाटणार नाही. पण दुसऱ्यापायी हा गडी भरल्या ताटावरून उठायचा हो! कंपनीतल्या कुणीतरी तसला कोड पाठवला की घास हातात तसाच, आणि तोंडाने, "अरे, जुनं बदलायचं नसतं! नवीन बनवायचं असतं!"

कंपनी मुंबईत, हरेश सांडोरमध्ये, खिडकीबाहेर केळी. वय छत्तीस. फंक्शनल प्रोग्रामिंग नावाच्या पद्धतीचं त्याने जणू व्रतच घेतलं होतं. या पद्धतीत ठेवलेली वस्तू जागच्या जागी बदलायची नाही, तिची नवी प्रत काढायची. म्हणजे कोण कधी काय बदलून गेला ही भानगडच उरत नाही. हे त्याने एकदा आईलाही समजावून सांगितलं.

रंभाबाईंनी भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे चादर मळली तर धुवायची नाय, नवीनच आनायची?"

"तसंच काहीसं."

"परवडतं तुमच्या कंपनीला?"

हरेशने भाजीची जुडी पुढे ओढली आणि तोही निवडायला लागला.

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याचे दोन मित्र वाडीत यायचे. तुळिंजचा परेश स्कूटरवरून यायचा. तो बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणारा, जाड आवाजाचा, आणि जुन्या वळणाचा म्हणून हरेश त्याला दर खेपेला टोचायचा. दुसरी विरारची उन्नती. ती कमी बोलायची, पण बोलली की दोघे गप्प बसायचे. विहिरीजवळच्या कपडे धुवायच्या दगडावर लॅपटॉप मांडून तिघांचं सुरू व्हायचं: ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडची पेटी, बरी की ती, एकाच वेळी हजार कामं आली तर ती एकमेकांच्या पायात न येता कशी चालवायची, लॉक लावावं की लावू नये. लॉक म्हणजे काय, तर एक काम आत असताना दुसऱ्याला दाराबाहेर उभं करणारी कडी. परेश कडीवाला. हरेशच्या मते कडी म्हणजे शुद्ध अडाणीपणा.

आणि नेमकी त्याच्याच वाडीत अशी एक कडी उघडकीला आली.

विहीर एक, मोटर एक, आणि वाड्या दोन. एक रंभाबाईंची, कुंपणापलीकडची आल्बिना मावशींची. पंपघराच्या दाराला खिळा, खिळ्याला सुंभ, सुंभाला चावी. सकाळी जिची पाळी आधी, ती चावी घेणार. तिच्या केळींना पाणी झालं की चावी दुसरीच्या हातात देणार. हातातच द्यायची, वाटेत कुठे ठेवायची नाही. दोघींचं झालं की चावी परत खिळ्यावर. दोघींच्या सासवांपासून हे असंच चालत आलेलं.

परेशने हे पाहिलं आणि मांडीवर थाप मारून असा हसला की झाडावरचे कावळे उडाले. "अरे, हा लॉक आहे! तुझ्या घरात तीन पिढ्या लॉक चाललाय, आणि तू मला अडाणी म्हणतोस?"

हरेशचे कान लाल झाले. पण खरं सांगायचं तर चावीवर त्याचा राग निराळ्या कारणाने होता. दोन पावसाळ्यांपूर्वी चावी आणायला जाताना पंपघराच्या वाटेवरच्या शेवाळावर रंभाबाई घसरल्या होत्या. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. भाकरी थापता येईना म्हणून ही बाई रडली होती, आणि ते रडणं हरेशच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आईने त्या वाटेला पुन्हा जायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून दिवाळी उरकल्यावर त्याने पंधरा दिवस खपून यंत्रणा बसवली. दोघींच्या फोनवर एकेक बटण. दाबलं की मोटर सुरू आणि पाणी आपल्या बाजूला. एकीचं चालू असेल तर दुसरीला थांबा म्हणून दिसणार, पहिलीचं झालं की तिचं आपोआप सुरू. चावी नको, चालणं नको, शेवाळ नको.

"आणि एकाच सेकंदाला दोघींनी दाबलं तर?" परेशने पहिल्याच रविवारी खुसपट काढलं.

"तर दोघींनाही नाही. मोटर बंद. पंपघरात दोन तांबडी बटणं आहेत, एक आमचं, एक मावशींचं. दोघींनी येऊन एकदम दाबायची, की सगळं मोकळं. पण ते शंभर वर्षांत एकदा होईल, मी मजेत लिहून ठेवलंय."

रंभाबाई त्या वेळी चहाचे कप ठेवत होत्या. एक कप त्यांनी जरा सावकाशच ठेवला, पण तिकडे कुणाचं लक्ष असणार!

आईला राजी करणं मात्र सोपं गेलं नाही. शेवटी त्यांनी अट घातली. "महिना देते तुला. महिना संपताना नीट चालत असेल तर खिळा उपटून टाक. नाय चालला, तर चावी परत खिळ्यावर, आनि माझ्या जान्यायेन्यावर तू एक शबूद बोलायचा नाय."

"कबूल," हरेश म्हणाला. खिळा उपटायला त्याने पक्कडसुद्धा काढून ठेवली.

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी सकाळी सात चाळीसला त्याचा फोन थरथरला. टक्कर! दोन्ही बटणं एकाच सेकंदाला दाबली गेली होती. हरेश उडालाच. मग त्याला आनंद झाला, शंभर वर्षांतून एकदा होणारी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत झाली म्हणून. प्रत्येक टक्कर आपोआप लॅपटॉपमधल्या वहीत चढेल अशी सोय त्याने केलेलीच होती. तारीख, वेळ, आणि पुढे कारणाचा रकाना. त्यात त्याने लिहिलं: अज्ञात.

पाचव्या दिवशी, सात चाळीसला, पुन्हा टक्कर.

सहाव्या दिवशीही.

आता मात्र त्याची झोप उडाली. लायब्ररी बदलली. मग जुनीच परत आणली. खोटी बटणं दहा लाख वेळा दाबून पाहिली, एकही टक्कर नाही. आणि इकडे दोन साध्यासुध्या बायका, दोन साधे फोन, आणि रोज सकाळी बरोबर एकाच सेकंदाला! रंभाबाई बिचाऱ्या कुरकुर करायच्या नाहीत. "असू दे रे, होतं असं," म्हणून पदर खोचायच्या आणि तांबडं बटण दाबायला निघायच्या. अर्ध्या तासाने परत यायच्या.

"बटण दाबायला अर्धा तास?" हरेशने एकदा विचारलं.

"घट्ट हाय तुझा बटन," त्या म्हणाल्या.

हरेशने तेही तपासलं. बटण लोण्यासारखं मऊ होतं.

तिसऱ्या रविवारी धुण्याच्या दगडावर मोठी बैठक बसली. उन्नतीने वही वरपासून खालपर्यंत वाचली. "रोज सात चाळीसलाच. पण रविवारी एकदाही नाही. आणि एका गुरुवारी नाही."

"रविवारी नेटवर्कवर भार कमी!" परेश ओरडला. "भार असला की निरोप तुंबतात आणि दोन्ही एकदम पोचतात. साधी गोष्ट आहे."

"आणि तो गुरुवार?"

"त्या दिवशी कसली तरी सुट्टी असणार."

हरेशने कॅलेंडर पाहिलं. सुट्टी नव्हती. त्या गुरुवारी आल्बिना मावशी नंदाखालला भाचीकडे गेल्या होत्या आणि रविवारी सकाळी त्या चर्चमध्ये मिस्साला असतात, हे सांडोरच्या कोंबड्यांनाही ठाऊक. पण तीन इंजिनियर समोर बसलेले! त्यांनी दोन फोनची सिमकार्डं बदलायचं ठरवलं.

"मी सांगू?" निघताना परेश म्हणाला. "टक्कर झाली की चिठ्ठी टाक. निघेल तिला पाणी दे, आणि मोकळा हो. दोन ओळींचं काम."

"कारण न कळता वरून पांघरूण घालू?" हरेश तडकला. "मी नाही असला प्रोग्रॅमर."

सिमकार्डं बदलली. टक्कर चालूच. शेवटचा आठवडा लागला. महिना मंगळवारी संपणार होता आणि पक्कड तशीच पडून. परेशने फोनवर त्याचं नाव बदलून 'शंभर वर्षं' ठेवलंय, हेही त्याला कळलं. पण हरेशच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. हरलो, तर आत्ता बटणासाठी जाते तशी आई कायमचीच रोज त्या शेवाळावरून चालणार.

शनिवारी सकाळी साडेसातला तो केळीत शिरला. कुंपणापाशी सिग्नल मोजायचा होता. लॅपटॉप कडेवर घेऊन तो एका घडाखाली वाकून बसला आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"रंभाबाय, आली का गो?"

"आले, आले. थांब, चष्मा लावू दे."

कुंपणाच्या या बाजूला त्याची आई, त्या बाजूला आल्बिना मावशी. दोघींच्या हातात फोन, दोघींची बोटं वर. रंभाबाईंनी मान डोलावून सुरुवात केली. "एक... दोन..."

"थांब गो! माझा गोल गोल फिरतोय."

"सिम बदललाय ना मेल्यांनी, म्हनून. झाला? एक... दोन... तीन!"

हरेशच्या खिशात फोन थरथरला.

दोघी तोंडाला पदर लावून पोरींसारख्या खिदळल्या. मग पंपघराकडे निघाल्या, रंभाबाई शेवाळ टाळून कडेच्या कोरड्या बांधाने. तांबडी बटणं त्यांनी एका दणक्यात दाबली, मोटर घुरघुरली, आणि दोघी पायरीवर टेकल्या. मावशींनी कागदातून सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, काढली.

"तुझ्या पोराने बटना झ्याक केलीत," मावशी म्हणाल्या. "पन आपन करतो ता बरा नाय. खरा सांगून टाक त्याला."

"काय सांगू? पंधरा दीस जेवनात लक्ष नव्हता त्याचा. माझ्या हातासाठी केलान त्याने. नको म्हटला तर तोंड एवढंसं होईल."

मावशींनी सुकेळीचा कागद गुडघ्यावर सपाट केला. "आमचे हे गेल्यापासून मी दिवसभरात एवढाच बोलते बघ. चावी द्यायला तू यायचीस तेवढाच. उगाच कोनाच्या दारात कसा जायचा? काम नको काय?"

"म्हनून तर एक दोन तीन," रंभाबाई म्हणाल्या, आणि सुकेळीचा तुकडा मोडून मोठा भाग त्यांनी मावशींच्या हातावर ठेवला.

हरेश केळीत बसून होता. पहिल्यांदा त्याला हसू फुटलं, आणि मग राग आला. त्याचा कोड बरोबर होता! सुरुवातीपासून बरोबर होता! लायब्ररी बरोबर, घड्याळं बरोबर. आता कारण कळलं होतं, म्हणजे चिठ्ठीच्या त्या दोन ओळी लिहायला हरकत नव्हती. रविवारी परेशचं तोंड बंद, मंगळवारी खिळा बाहेर. घरी जाऊन त्याने दोन ओळी लिहिल्यासुद्धा. वाचल्या. मग खोडून टाकल्या आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी धुण्याच्या दगडावर त्याने जाहीर केलं, "मी हरलो. लॉकच बरा. चावी परत खिळ्यावर."

परेशने दोन्ही हात आभाळाकडे नेले. "बोल, पुन्हा बोल! उन्नती, रेकॉर्ड कर."

"चूक कुठे होती?" उन्नतीने विचारलं.

"माझ्यातच. विहीर दोघींची आहे एवढंच मी धरलं होतं."

"आणि रविवारी का होत नव्हतं?"

तेवढ्यात फाटकातून आल्बिना मावशी मिस्साहून परत येताना दिसल्या, ठेवणीतली साडी, हातात प्रार्थनेचं पुस्तक. उन्नतीने त्यांच्याकडे पाहिलं, चहा घेऊन उभ्या राहिलेल्या रंभाबाईंकडे पाहिलं, आणि ओठ दाबून ती कपात बघायला लागली.

"रविवारी भार कमी असतो," हरेश म्हणाला.

"मी तेच सांगत होतो!" परेश म्हणाला.

दुपारी हरेशने फावडं घेतलं. पंपघराच्या वाटेवरचं शेवाळ खरवडलं, चिऱ्याचे खडबडीत तुकडे ओळीने बसवले, आणि प्रत्येकावर उभं राहून उडी मारून पाहिली. दोन पावसाळ्यांत हे काम एकदाही सुचलं नव्हतं, याची त्याला मनापासून लाज वाटली. संध्याकाळी रंभाबाई त्यावरून एकदा गेल्या, एकदा आल्या. त्या रात्री ताटात त्याला दोन भाकऱ्या जास्त पडल्या.

सोमवारी चावी खिळ्यावर होती. यंत्रणा काढून टाकायची राहूनच गेली होती. हरेश कामाला बसला, आणि सात चाळीसला फोन थरथरला.

टक्कर.

आता कशाला? आता तर चावी होती! तो खिडकीशी गेला. केळींच्या पलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं, खणखणीत, अजिबात न लपवलेलं, आणि मग आईची हाक, "हरेशा! बघ रे, बिघडला तुझा!"

तो परत खुर्चीवर येऊन बसला आणि त्याने वही उघडली. एकवीस टकरी, आधीच्या विसांपुढे त्याच्याच हाताचं 'अज्ञात'. नवी प्रत काढली नाही. एकेक ओळ घेतली, जागच्या जागी खोडली, आणि एकवीसही ठिकाणी लिहिलं: आई आणि मावशी.