नात्यांची कोडी सोडवणाऱ्या ताई

चर्चच्या मागच्या खोलीत ताई इस्त्री करायच्या. वेदीवरची पांढरी कापडं, धर्मगुरूंचे झगे, गाणाऱ्या मुलांचे अंगरखे. साऱ्या वस्तीच्या त्या ताई, पण सख्खा भाऊ एकच: धाकटा, फ्रीज दुरुस्त करणारा.

वाफ वर चढू लागली की ताईंचं मन कुठच्या कुठे निघून जाई. हात इथे कापडावर, आणि ताई बायबलमधल्या माणसांच्या अंगणात, कोण कोणाचं कोण लागतं ते विचारत. मरियेचा नवरा योसेफ, त्याचा बाप एका ठिकाणी याकोब, दुसऱ्या ठिकाणी एली. मग खरा कोणता? क्रुसापाशी येशूच्या आईची, मरियेची बहीण उभी होती, तिचंही नाव म्हणे मरियाच. "सख्ख्या बहिणी कशा असतील? कामाला हाक मारली की दोघी म्हणणार, तिला बोलावलंय!" असं म्हणून त्या एकट्याच हसत. मग तिला मरियेची जाऊ ठरवून टाकलं की जिवाला स्वस्थता. येशूच्या भावांचं कोडं तर त्यांनी कधीच निकालात काढलं होतं. चुलत, मावस, कोणी का असेना, एका ताटात जेवले की भाऊच.

हा नाद मुळात दोघा भावंडांचा. लहानपणी टेबलाखाली बसून ती दोघं या माणसांचे वंश जुळवत, आणि धाकटा भारी हुशार. पण मिसरूड फुटायच्या आतच त्याने चर्चची पायरी सोडली ती सोडलीच. घरात सगळे म्हणाले, हट्टी आहे. ताईही तेच म्हणाल्या.

यंदा चर्चमध्ये नवे नियम आले. मुलांच्या खोल्यांच्या दारांना काचा बसल्या. मूल कोणाही मोठ्या माणसाबरोबर एकटं ठेवायचं नाही असं ठरलं. जुन्या तक्रारी ऐकायला समिती नेमली, आणि तिच्यात एकही धर्मगुरू घेतला नाही. पूर्वी तक्रार झाली की त्या धर्मगुरूची बदली व्हायची, बस्स. पुढच्या वस्तीतली मुलं देवाच्या भरवशावर.

ताईंना हे सगळं जरा अतीच वाटलं. "आमच्या मोठ्या फादरांना केवढं लागलं असतं," त्या म्हणत. मोठे फादर आता वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेले. त्यांनीच ताईंचं लग्न लावलं, आईच्या शेवटच्या घटकेला तेच उशाशी होते. त्यांचा झगा अजूनही ताईंकडेच इस्त्रीला यायचा.

एका दुपारी धाकटा त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. उंबरा काही ओलांडेना.

"ताई, मला समितीपुढे जायचंय. घरचं एक माणूस सोबत चालतं. येशील?"

"तुझं काय काम तिथे?"

त्याने टेबलावरच्या मोठ्या फादरांच्या झग्याकडे बोट केलं. "ह्यांच्याबद्दल सांगायचंय."

'अरे, तू लहान होतास, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल,' हे अगदी ताईंच्या जिभेवर आलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना तेच खरं असायला हवं होतं. पण भावाचा चेहरा त्यांनी पाहिला. आत्ता आपण हे बोललो तर हा पुन्हा जन्मात तोंड उघडणार नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"कधी जायचं?"

समितीची खोली साधीच होती, टेबल आणि खुर्च्या. समितीतल्या वकीलबाई बोलायला मऊ होत्या. त्यांनी विचारलं, "तेव्हा घरच्यांना काहीच कळलं नाही?"

धाकटा खुर्ची मागे सरकवून उठायच्या बेतात होता. मग ताईच बोलल्या.

"बाई, येशू लहानपणी हरवला होता ना? सणाहून परतताना आईबाप दिवसभर चालले, आणि पोरगं बरोबर नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला वाटायचं, असं होईलच कसं? पण त्यांना वाटलं, असेल नातेवाइकांत. आमचंही तसंच झालं. आईला वाटायचं, तो माझ्याबरोबर आहे. मला वाटायचं, फादरांकडे आहे, आणि फादर म्हणजे घरचेच. आपल्या माणसांत आहे म्हणून कोणी शोधायलाच गेलं नाही हो."

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "ते आईबाप निदान शोधायला मागे फिरले."

ताईंना रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मीही फिरलेय रे. फार उशीर केला, पण आलेय. आता तू सांग, मी ऐकते."

धाकट्याने खुर्ची पुढे ओढली, आणि अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.