अल्याडच्या गोलाला पल्याडचं जाळं

"गोल झाला होता," इब्राहिमचाचा थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाले. "मी खोटं बोललो."

आमचा कॅमेरामन संदीप याने माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच खूण केली, चालू ठेव. अलिबागच्या खाली, एका खाडीच्या तोंडाशी शूटिंग चाललं होतं. सकाळची ओहोटी होती. ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलं होतं आणि चाचांची खुर्ची त्यात अधांतरी ठेवल्यासारखी दिसत होती.

मी एका स्पोर्ट्स चॅनलसाठी प्री-मॅच फिल्म बनवते. मॅच सुरू व्हायच्या आधी स्टेडियमच्या स्क्रीनवर आणि टीव्हीवर चार-पाच मिनिटांचं काहीतरी दाखवतात ना, ते. माणूस कॅमेऱ्यासमोर बोलतो त्या तुकड्याला आम्ही बाइट म्हणतो. या वेळचं काम डर्बीचं होतं. डर्बी म्हणजे एकाच भागातल्या दोन जुन्या वैऱ्यांची मॅच.

या दोन क्लबांना आता भारदस्त इंग्रजी नावं आहेत, पुढे स्पॉन्सरचं शेपूट आहे. ती नावं कुणी घेत नाही. खाडीच्या या बाजूचा क्लब अल्याड, त्या बाजूचा पल्याड. गंमत म्हणजे पल्याडची माणसंही स्वतःला पल्याडच म्हणवतात. दोन्हीकडचे खेळाडू करारावर पगार घेतात, गोव्याहून येतात, मणिपूरहून येतात, एकजण तर घानाहून आलाय. वैर मात्र गावठी आहे आणि बिनपगारी चालतं.

त्याचं मूळ एका न दिलेल्या गोलात आहे. तेव्हा मॅच वाळूवर व्हायची, ओहोटीला. बांबूचे पोस्ट आणि मागे मासेमारीचं जाळं. त्यातही रीत अशी की अल्याडच्या गोलाला पल्याडने जाळं आणून बांधायचं आणि पल्याडच्या गोलाला अल्याडने. ज्याने त्याने आपला मासा आपल्याच जाळ्यात धरावा, असा हिशेब. हाफटाइमला बाजू बदलल्या की जाळीही बदलायची. मॅच संपली की गोलकीपरने जाळं सोडून, घडी घालून ज्याचं त्याला मानाने परत करायचं.

त्या दिवशी खाडीवर धुकं होतं. पल्याडच्या हिराजीने शॉट मारला. बॉल मागच्या पाण्यात जाऊन पडला. रेफरी लांब होता, त्याला काही दिसलं नाही. त्याने अल्याडच्या कीपरला, म्हणजे इब्राहिमला विचारलं. इब्राहिम म्हणाला, बाहेरून गेला. पल्याड त्या एका गोलाने हरलं.

त्यानंतर लग्नाची आमंत्रणं बंद झाली, होड्या एकमेकींना वाट देईनात. दोन्ही गावांत मी पुष्कळ जणांना विचारलं. कुणी म्हणे बॉल आतल्या बाजूने पोस्टला लागून मागे उडाला. कुणी म्हणे वाऱ्याने वळला. एक आजी म्हणाल्या, धुक्यात बॉल दिसतच नव्हता, नुसता आवाज येत होता. ऐकता ऐकता मलाही ती मॅच आठवायला लागली. मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. पण डोळे मिटले की पांढऱ्या धुक्यातून अनवाणी पोरं धावत यायची, आणि परत धुक्यात विरघळायची.

एकट्या हिराजीकाकांनी काही सांगितलं नाही. बाइट द्यायला बसले, धुक्याबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, गोलाचं नाव काढलं की उठून माशांकडे बघायला गेले. मला वाटलं, जखम अजून ओली असेल.

आणि आता चाचा सांगत होते. "बॉल बरोबर आत आला बेटा. जाळ्याला खालच्या कोपऱ्यात भोक होतं. त्यातनं मागे गेला."

मी विचारलं की मग पल्याडच्या कुणी जाळं का नाही तपासलं. चाचा हसले. म्हणाले, कोळ्याचं जाळं फाटकं असेल हे कोळ्याच्या मनात येईल का? ते सगळे रेफरीच्या अंगावर धावून गेले, पोस्ट हलवून पाहिले, वाळूवरचे वळ पाहिले. आपल्याच जाळ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मॅचनंतर जाळं सोडायला चाचा एकटेच होते. भोक हाताला लागलं. तेवढ्यात हिराजीचे वडील जाळं न्यायला येताना दिसले. जाळं त्यांचं होतं. चाचांनी आपल्या हाफपँटीची नाडी ओढून काढली, भोकाची टोकं एकत्र आवळून बांधली, आणि एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने जाळं परत केलं.

"चोरी लपवली का त्यांची लाज राखली, मला आजवर समजलं नाही," चाचा म्हणाले. "पण आता हजला चाललोय. ज्याचा गुन्हा केला त्याची माफी मागून जावं लागतं. खोटं चारचौघांत बोललो, तर खरंही चारचौघांत बोलायला नको?"

मी सरांना फोन केला. सर म्हणजे आमचे प्रोड्यूसर, मुंबईत बसतात. ते एकदम खूश. म्हणाले, हे सोनं आहे, प्रोमो यावरच कापू. मी म्हटलं, आधी दुसऱ्या पार्टीची प्रतिक्रिया घ्यावी लागेल. तो आमच्या कामाचा नियम आहे. सर म्हणाले, "अगं, तो तर नाचेल. त्याला गोल मिळतोय."

मलाही तसंच वाटलं होतं. चाचा म्हणाले, मीही येतो. आम्ही होडीतून पलीकडे निघालो. पाणी इतकं शांत होतं की वल्ह्याचा आवाजही लांबून येतोय असं वाटत होतं. चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. हिराजीने माफ केलं नाही तर काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

हिराजीकाका किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसले होते. चाचांना पाहून उठले नाहीत. मी फोनवर बाइट लावून दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि फोन माझ्या हातात दिला.

"बापसानं घरी जालं उलगडलं," ते म्हणाले. "कोपऱ्यात पांढरी नाडी. बापूस समजला. मी पन समजलो. बापूस एवढाच बोलला, पोरगा चांगला हाय. नाडी त्यानं सोडली न्हाय. जालं कुजलं तवर ती तशीच व्हती."

चाचा एक पाऊल पुढे आले. "मग तू कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? माज्या बापसाचं जालं फाटकं व्हतं, आसं?"

मग ते माझ्याकडे वळले. "बाय, गाव हरलं त्ये लोक इसरतील. हिराजीच्या बापसानं फाटकं जालं आनलं, ह्ये नातवापत्तुर सांगतील. त्येच्या नावावर तेवढंच एक हाय, त्येचं जालं कदी फाटलं न्हाय."

चाचा खाली वाळूतच बसले. हात जोडून म्हणाले, "हिराजी, मला माफ कर. नाहीतर मी जाऊ कसा?"

हिराजीकाकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. कुर्त्याची वाळू झटकली. "जा. माफ केलं तुला," ते म्हणाले. "पन गोल झाला नव्हता."

मी रडले. कामावर असताना मी रडत नाही, पण रडले.

सरांशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणाले, बाइट चॅनलची आहे. मी म्हटलं, असेल, पण बाप त्यांचा आहे. शेवटी ते म्हणाले, तुला हवं ते कर, आणि पुढची डर्बी माझ्याकडून काढून घेतली. चाचांनीच मला ही हकिकत कुठेतरी लिहायला सांगितली. हिराजीकाकांनी परवानगी दिली, एका अटीवर. गावं बदल, नावं बदल. ती मी बदलली आहेत.

फिल्म दाखवली तेव्हा दोघे शेजारी-शेजारी बसले होते. स्क्रीनवर ओळ आली, तो गोल होता की नव्हता, कुणालाच ठाऊक नाही. दोन्हीकडचे स्टँड मनसोक्त ओरडले. पल्याडची पोरं "गोल, गोल" करत नाचत होती. एकाने मागून हिराजीकाकांना हलवून विचारलं, काका, तुम्ही तरी सांगा. काका म्हणाले, धुकं लई व्हतं.

माझ्या धंद्यातल्या नव्या पोरांना मी आता एवढंच सांगते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारल्याशिवाय त्याला न्याय देऊ नका. आणि हो, पल्याड त्याही दिवशी एका गोलाने हरलं.