मुलगी मानसशास्त्र शिकून आली

बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात दिवसभर पॉवरलूमचा आवाज असतो. शेजारच्या गल्लीत यंत्रं आहेत, तिच्या मागच्या गल्लीतही आहेत. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, या खडखडाटात माझा निभाव लागणार नाही. पुढे तो ऐकू येईनासा झाला. वीज गेली की मात्र सगळी यंत्रं एकदम थांबतात आणि घरातलं बारीकसारीक ऐकू यायला लागतं. नळाचं ठिबकणं, पाल, शेजारणीचा खोकला.

माझे पती गेल्यानंतर मला पहिल्यांदा ऐकू आले ते अशाच वेळी.

त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुपारी दुकानातच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी तेव्हा बारावीत होती. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, दुकान दिरांनी सांभाळायला घेतलं. मग एका संध्याकाळी वीज गेली असताना दारातल्या पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला. आधी डावी, मग जरा थांबून उजवी. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा, म्हणून ते थांबणं. मग घसा साफ केल्याचा आवाज. मी स्वयंपाकघरात होते. मला भीती वाटली नाही. चहाच्या पातेल्यात मी कपभर पाणी जास्त घातलं.

त्यानंतर ते येत राहिले. रोज नाही, पण यायचे. मी कधी बाहेर जाऊन बघितलं नाही. पायरी रिकामी असणार हे मला ठाऊक होतं, तेवढी मी शुद्धीत होते. कधीकधी आतूनच मुलीला सांगायची, "पप्पा आले गं." ती समोरच्या खोलीत अभ्यास करत असायची. पुस्तकातून मान वर करून दाराकडे बघायची आणि परत वाचायला लागायची. तिलाही बरं वाटतं, असा माझा समज होता.

बारावीनंतर तिने इंदूरला मानसशास्त्र घ्यायचं ठरवलं. माझ्या मनात होतं, तिने बी.एड. करावं आणि इथल्याच एखाद्या शाळेत लागावं. दीर म्हणाले, "वहिनी, हे शिकून पोरगी करणार काय? याला नोकरी कुठे आहे?" मलाही तेच वाटत होतं, पण मी तिची बाजू घेतली. वडील नसलेल्या पोरीला नाही म्हणवेना.

एम.ए.ला होती तेव्हा दिवाळीला घरी आली. मी शंकरपाळे तळत होते, ती ओट्याजवळ बसून कापून देत होती. वीज गेली. गल्ली गप्प झाली आणि पायरीवर चपला वाजल्या. मी सवयीने म्हणाले, "आले."

"कोण आलं, मम्मी?"

"पप्पा."

तिने कापणं थांबवलं. मग विचारायला लागली. केव्हापासून ऐकू येतं, गावाला गेलीस तरी येतं का, कधी काही बोलतात का. खरं सांगायचं तर मला आवडलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं, गुडघ्याचं, घशाचं, कपभर जास्त पाण्याचं.

तिने हाताचं पीठ पुसलं आणि माझा हात धरला. "ऐक ना मम्मी, तू घाबरू नको. यात वेड वगैरे काही नाही. मतलब, खूप जणांना होतं असं. माणूस गेलं तरी आपल्या मनाला त्याच्या येण्याची सवय असते ना, त्या वेळेला मन स्वतःच आवाज तयार करतं. हळूहळू जातं ते."

इतक्या मायेने सांगितलं की रागवायलाही जागा नव्हती. मी कढईतले शंकरपाळे काढले. ते जरा जास्तच लाल झाले होते.

त्या दिवसानंतर ते आले नाहीत.

आधी वाटलं, सणाची गडबड आहे. पाहुणे गेले, मुलगी इंदूरच्या बसमध्ये बसली, घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. वीज जायची, यंत्रं थांबायची, मी हातातलं काम सोडून उभी राहायची. नळ ठिबकायचा. शेजारीण खोकायची. कान इतके ताणायची की कानात नुसतं गुणगुणायला लागायचं. कधी पायरीवर काही वाजलं तर लगेच तिचं बोलणं आठवायचं, मन स्वतःच तयार करतं, आणि जे काय वाजलं असेल ते तिथंच विरून जायचं.

पहिल्या वेळी ते गेले तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. या वेळी कोणी आलं नाही. कोणाला सांगणार तरी काय?

मी कडवट झाले. लग्नाकार्यात कोणी विचारलं, मुलगी काय शिकते, की म्हणायची, "शिकते काहीतरी. उपयोग काही नाही त्याचा." लोकांना वाटायचं मी नोकरीचं बोलते. फोनवर तिलाही ऐकवायची, दुसरं काही घेतलं असतंस तर बरं झालं असतं. ती म्हणायची, "हो मम्मी, तू जेवलीस का?"

एम.ए. होऊन ती परत आली. इथल्याच एका दवाखान्यात समुपदेशनाचं काम मिळालं, तेही कंत्राटी. लोक यायला लाजतात, दिवसदिवस खुर्चीत नुसती बसून येते, असं तिनेच सांगितलं. ते ऐकताना मला बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

एकदा दोघी कपड्यांच्या घड्या करत होतो. कपाटातून त्यांचा एक सदरा निघाला. ती म्हणाली, "हा कोणाला देऊन टाकूया का आता?" एवढंच म्हणाली, पण माझा तोल गेला.

"दे. अजून काय काय देऊन टाकायचंय? ते येत होते, तेही घालवलंस तू. यासाठी शिकायला पाठवलं होतं का तुला?"

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. सदरा मांडीवर घेऊन बसली आणि बराच वेळ त्याच्या गुंड्या लावत राहिली.

"मला कधीच नाही आले ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू आतून सांगायचीस ना, पप्पा आले. मी ऐकायची. मला काहीच नाही ऐकू यायचं. एकदाही नाही. मला वाटायचं, तुझ्यासाठी येतात, माझ्यासाठी नाही येत. माझ्यावर नाराज आहेत." तिचा आवाज अगदी साधा होता, दवाखान्यातली गोष्ट सांगावी तसा. "असं का, ते शोधायलाच गेले मी इंदूरला. पुस्तकात सापडलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, मम्मी. वाटलं, तुलाही वाटेल."

माझ्या डोळ्यांपुढे ती बारावीतली पोर आली. मान वर करून दाराकडे बघणारी. मी स्वयंपाकघरात खुशीत चहा टाकत होते आणि ती तिथे रिकाम्या दाराकडे बघत बसायची.

सदरा तिच्याकडेच राहिला.

त्यानंतर भांडण झालं नाही, पण सगळं नीट झालं असंही नाही. ती कधी विचारते, पप्पा घसा कसा साफ करायचे, करून दाखव. मी करून दाखवते. ती म्हणते, आवाज आठवतच नाही. आता मलाही नीट आठवत नाही, हे मी तिला सांगत नाही.

मध्यंतरी जवळच्या निंबोला गावची एक बाई मुलीला भेटायला घर शोधत आली. दवाखान्यात सगळे बघतात म्हणून घरी आली होती. तिची सून बाळंतपणात गेली होती, बाळ वाचलं होतं. मी आत होते, पण ऐकू येत होतं.

"केळीच्या बागेतून मले हाक मारते," बाई म्हणाली. "रोज नाही. पाणी द्यायले गेली की."

मी वाटच बघत होते, आता मुलगी हात धरेल आणि समजावून सांगेल.

तिने विचारलं, "काय म्हणून हाक मारते?"

"आई म्हणते. होती तेव्हा सासूबाई म्हणे."

"मग तुम्ही ओ देता का?"

"देते."

"बरं," मुलगी म्हणाली. मग नातवाबद्दल विचारत राहिली, आणि तुम्हाला झोप लागते का, जेवण जातं का.

बाई गेल्यावर मी म्हणाले, "मला सांगितलंस ते तिला का नाही सांगितलं?"

"तिने विचारलं नाही, मम्मी. विचारेल तेव्हा सांगेन."

मीही विचारलं नव्हतं.

तिच्या शिक्षणाबद्दल माझं मन अजून साफ नाही. दीर विचारतात तेव्हा मी विषय बदलते. ती बाई अधूनमधून येते, येताना केळी आणते. मुलगी घरी नसली की माझ्याजवळ बसते आणि सांगते, या वेळी हाक बागेच्या कोणत्या कोपऱ्यातून आली, जवळून की लांबून. मी तिला पुन्हा पुन्हा विचारते. मला तिचा फार हेवा वाटतो.