कुंपणाजवळचा माड

घिवलीला आमची वाडी आणि शेजारच्या काकांची वाडी यांच्यामध्ये कुंपण होतं, आणि त्या कुंपणाला एक खिंडार होतं. खिंडार कसलं, दारच ते. साखर संपली, पंप बिघडला, बोंबील जास्त आले, की दोन्हीकडची माणसं तिथूनच ये-जा करायची. पुढच्या रस्त्याने काकांकडे जाणारा फक्त पोस्टमन मी पाहिलाय.

काकांचा उजवा हात मनगटाशी वाकडा होता. त्याच हाताने ते शहाळं सोलायचे, विडी पेटवायचे आणि आम्हा मुलांच्या पाठीत धपाटा घालायचे. हात वाकडा असल्यामुळे धपाटा नेमका कुठे बसेल ते कळायचं नाही, त्यामुळे चुकवताही यायचा नाही. हात कसा मोडला म्हणून विचारलं की गावातलं कोणीही एकच उत्तर द्यायचं, माडावरून पडले. माडही ठरलेला होता. खिंडाराला लागून असलेला, समुद्राकडे जरासा कललेला. त्याने आमच्या काकांना पाडलं म्हणून आम्ही पोरं येता-जाता त्याला लाथ मारायचो. बाबा वाडीत पाट बांधत असले की तिथूनच ओरडायचे, "आनखी एक मार!" मला त्याची फार गंमत वाटायची. एरवी झाडाची काटकी मोडली तरी ओरडणारा माणूस या एका माडाच्या बाबतीत असा कसा, हे काही मी कधी विचारलं नाही.

लग्न होऊन मी बोईसरला आले. नवरा साताऱ्याकडचा, कंपनीत शिफ्टला. त्याला समुद्राचं काडीचं कौतुक नाही, पण माझ्या आईच्या हातच्या कालवणासाठी तो रविवारी घिवलीला यायला एका पायावर तयार असतो. अशाच एका रविवारी आम्ही जेवून बसलो होतो आणि गावचे पोलीस पाटील आले. चहा घेतला. मोहर कसा आहे ते विचारलं. पंपाची चौकशी केली. मग कप खाली ठेवून बाबांना म्हणाले, "तुमच्या नावाचा वॉरंट हाय."

निवडणूक जवळ आली की पोलीस जुनी वॉरंटं उपसून काढतात, हे मला तेव्हा कळलं. पालघरच्या कोर्टातली जुनी केस, मी पाळण्यात असतानाची. बाबा तारखांना हजर राहिले नाहीत म्हणून निघालेलं अजामीनपात्र वॉरंट. "कागदावर तुमी फरार हात," पोलीस पाटील ओशाळून म्हणाले.

फरार! जो माणूस लेकीच्या घरी एक रात्र राहायचं म्हटलं तर "वाडीला पाणी कोण लावील" म्हणतो, तो फरार. संध्याकाळच्या आरतीला घंटा वाजवायला तोच लागतो, तो फरार. मधल्या काळात हवालदार एकदा येऊनही गेले होते म्हणे. पण आमच्या गावात एकाच नावाआडनावाची बरीच माणसं, ओळखायची ती घराच्या टोपणनावानं, आणि ते काही कोर्टाच्या कागदावर नव्हतं. ज्याला विचारलं, त्याने दुसऱ्याचं घर दाखवलं. हवालदार शहाळं पिऊन परत गेले.

"पण केस कसली?" मी विचारलं. पोलीस पाटील माझ्याकडे बघायचे ते बाबांकडे बघू लागले. "ती... कुंपनाची," म्हणाले आणि घाईघाईने उठले. जाता जाता एवढं सांगितलं, की दोन-चार दिवसांत आपणहून कोर्टात गेलात तर बरं, नाहीतर जीप येईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. बाबा वाडीत निघून गेले.

आईने मला मागच्या पडवीत नेलं आणि इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं. "काकांचा हात माडानं नाय मोडला. तुज्या बाबानं मोडला."

कुंपण कोणी कोणाच्या हद्दीत सरकवलं यावरून भांडण, त्या माडाखाली, आणि बाबांच्या हातात बांबू. काकांनी तक्रार केली, पोलीस आले, केस उभी राहिली. बाबा दोन-तीन तारखांना गेलेही. मग गावातल्या जुन्या माणसांनी दोघांना देवळात बसवलं. आमच्याकडे रीत अशी, की देवासमोर नारळ फोडायचा, दोघांनी एकमेकांच्या तोंडात खोबरं घालायचं, आणि त्या घडीपासून त्या भांडणाचा उच्चार कोणी करायचा नाही. त्या दोघांनी नाही, गावानेही नाही. जो करील त्याने देवळात नारळ द्यायचा. म्हणून तो माड. मोडलेला हात तर झाकता येत नव्हता, मग गावाने तो माडाच्या माथी मारला. आणि भांडण मिटलं म्हणजे केसही मिटली, असं दोघंही धरून चालले. गावाला कळलं म्हणजे सरकारला कळलं, ही आमच्या लोकांची समजूत.

मला बाबांचा राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. तो वाकडा हात मी लहानपणी किती वेळा धरून चालले होते.

पण रागावून बसायला वेळ नव्हता. पालघरला एक वकील गाठले. ते म्हणाले, वॉरंट रद्द करून घेऊ, त्याचं काही नाही, पण केस मिटवायची तर ज्यांचा हात मोडला त्यांनी स्वतः येऊन तडजोड झाल्याचं सांगायला हवं. आणि बाबा काकांकडे जाईनात. "मी कोनत्या तोंडानं विषय काढू? नेऊ देत मला जीपमधून," एवढंच म्हणाले. आईने जेवायला वाढलं तर ताट तसंच सारलं.

मग मीच खिंडारातून पलीकडे गेले. काका पडवीत झाडू बांधायला माडाच्या झावळीचे हीर सोलत बसले होते. मी चाचरत सांगितलं.

"माजी कोनावर केस नाय," काका म्हणाले.

"काका, हे कोर्टात सांगावं लागेल."

"देवासमोर मिटवला. आता तोच विषय साहेबासमोर काढू? मंग देवळातला नारळ काय फुकट फुटला?"

ते चिडले होते. मला वाटलं, संपलं. मी एवढंच म्हणाले, की नाहीतर बाबांना पोलीस घेऊन जातील. काकांच्या हातातला हीर तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचा?" आणि मी उठताना मागून बजावलं, "पन मी तो विषय काढनार नाय हां."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. उमरोळी मागे पडल्यावर रिक्षावाल्याने आरशात बघत विचारलं, "बाबूजी, कोर्ट में क्या काम है?" काका गंभीरपणे म्हणाले, "शादी है." बाबा एवढ्या काळजीतही हसले. मग दोघं पालघर येईपर्यंत वाटेतल्या भाताच्या खाचरांवर बोलत राहिले. ज्याच्यावर केस आणि ज्याची केस, एकाच सीटवर मांडीला मांडी लावून.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या, माझ्याहूनही लहान असतील. बाबा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. आमच्या घरातलं कोणी तिथे उभं राहिलेलं मी बघेन असं कधी वाटलं नव्हतं. इतकी वर्षं हजर का नाही, असं बाईंनी विचारलं. "मिटला होता ना," बाबा म्हणाले. वकिलांनी अर्ज दिला, बाईंनी समज देऊन वॉरंट रद्द केलं. मग काकांना पुढे बोलावलं. वकिलांनी त्यांना बाहेर चारदा पढवलं होतं. फक्त म्हणायचं, आमची तडजोड झाली, माझी तक्रार नाही.

बाईंनी त्यांच्या मनगटाकडे बघितलं आणि सहज विचारलं, "हा तोच हात का? कसा मोडला होता?"

"माडावरून पडलो," काका म्हणाले.

वकिलांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी कागद चाळले. "पण तुमच्याच तक्रारीत तर यांनी मारल्याचं आहे."

"आसल लिवलेला. मी माडावरून पडलो."

आणि तेवढ्यात पिंजऱ्यातून बाबांचा आवाज आला. "नाय साहेब. मी मारला. बांबूनं. हाड मोडल्याचा आवाज आला, तो मी आइकलाय."

"गप रे!" काका कोर्टातच ओरडले. "नारळ फुटलाय ना?"

"गावात फुटलाय. हितं मला बोलू दे," बाबा म्हणाले आणि पिंजऱ्याची दांडी धरून रडायला लागले. बाबांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. रीतीने भांडण मिटवलं होतं खरं, पण चुकलो म्हणायची जागाही मिटवून टाकली होती. ती त्यांना इथे, परक्या माणसांत सापडली. माझा राग कुठच्या कुठे गेला.

बाईंनी दोघांनाही गप्प केलं. मग काकांना एकच गोष्ट विचारली, तुमची यांच्याविरुद्ध आता काही तक्रार आहे का, आणि तुम्ही हे कोणाच्या दबावाखाली सांगताय का.

"तकरार हाय ना," काका म्हणाले. "रडतो कशाला, ही तकरार हाय."

बाईंनी हसू दाबलं. तडजोड नोंदवली गेली, काकांनी त्याच वाकड्या हाताने सही केली. येताना रिक्षात काका बाबांशी एक शब्द बोलले नाहीत, घुश्शात बाहेर बघत बसले. विषय काढला होता ना बाबांनी. दुसऱ्या दिवशी बाबा नारळ घेऊन देवळात गेले, तेव्हा काका आधीच पायरीवर येऊन बसले होते.

आता काका नाहीत. मागच्या वर्षी गेले. काकू मुलाकडे सफाळ्याला असतात, घर बंद असतं. खिंडारात घाणेरीची झुडपं वाढतात, बाबा ती दर आठवड्याला कोयत्याने साफ करतात. तिथून जायला-यायला कोणी नाही, तरी करतात.

परवा माझी मुलगी जुने फोटो बघत होती. "ह्या आजोबांचा हात असा का?" तिने विचारलं. बाबा समोरच नारळ सोलत बसले होते. त्यांचे हात थांबले. मी म्हणाले, "माडावरून पडले होते ते."

"कुठल्या माडावरून?"

मी काही बोलायच्या आत बाबांनीच कोयता उचलून दाखवलं. "तो. कुंपनाजवळचा."

पोरगी अंगणातून धावत गेली आणि त्या माडाला तिने सणसणीत लाथ मारली. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"आनखी एक मार, बाय," ते म्हणाले.