आर्वीला जाऊन जेवून ये

आमच्या गणिताच्या बाई प्रवेशाचा अंदाज सांगायच्या, पण नुसते गुण बघून कधीच नाही. म्हणजे गुण बघायच्या. मागच्या तीन वर्षांचे कटऑफ त्यांना तोंडपाठ होते. मग चष्मा काढून म्हणायच्या, "मार्कांचं झालं. आता आर्वीले जाऊन जेवून येजो."

आमच्याच गावात, पिपरी मेघेत, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्या राहत. नोकरीतून निवृत्त, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दूरच्या सरकारी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा दिलेली मुलंमुली त्यांच्याकडे येत आणि बाई प्रत्येकाला एसटीत बसवून देत. आर्वीच्या डेपोसमोरच्या खानावळीत एकट्यानं बसायचं, पूर्ण थाळी खायची आणि परत यायचं. सोबत कोणी नाही, कानाला फोन नाही. लोक म्हणत, बाईंचं डोकं फिरलं. बाई म्हणत, "मार्क कमी पडले म्हणून कोणी दिल्लीहून वापस येत नाई. ताटावर बसलं की रडू येते, म्हणून येते."

माझे गुण काठावरचे होते. मला दिल्लीच्या विद्यापीठाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं आणि बाबा अडून बसले होते, बाई हो म्हणाल्या तरच पाठवीन. मी आर्वीला गेले. खानावळीत बाजार समितीत आलेली माणसं जेवत होती, सगळे पुरुष. मी दारातूनच वळले, डेपोच्या बाकावर बिस्किटाचा पुडा संपवला आणि परतीची गाडी पकडली.

"जेवली का पोटभर?"

"हो, बाई."

"भाजी कोणती होती?"

"वांग्याची," मी ठोकून दिलं.

"मंग लागते तुझा नंबर. सांगतो तुझ्या बाबाले."

दुसऱ्या यादीत नंबर लागलाही. वसतिगृहाच्या मेसमध्ये मुलीच मुली, पण माझ्याशी बोलणारी एक नाही. महिनाभर मी ताट खोलीवर नेऊन झाकून ठेवत होते. शेवटी परतीचं तिकीट काढलं आणि बाईंना फोन करून खरं सांगितलं, मी आर्वीत जेवलेच नव्हते.

वाटलं, आता बोलणी बसणार. बाईंनी पलीकडे ताट काढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "थांब, मी वाढून घेतो. तू बी ताट घेऊन मेसमध्येच बस. फोन चालू राहू दे."

त्या दिवसापासून रोज दुपारी एक वाजता आम्ही दोघी फोनवर सोबत जेवू लागलो. बोलणं फारसं नसायचं. पापड मोडल्याचा आवाज यायचा, मधेच "आज वरणात मीठ जास्त झालं" एवढंच. तिकीट मी रद्द केलं. दिवाळीपर्यंत मला मैत्रिणी मिळाल्या. फोन आठवड्यावर आला, मग सणावारावर, आणि मी त्याला माझी प्रगती समजत होते.

पुढच्या उन्हाळ्यात घरी आले तेव्हा मी बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आता मी कुठंही एकटी बसून जेवते.

"तुले जमलं, बरं झालं," बाई म्हणाल्या. "मले आता नाई जमत. पयले जमत होतं."

मी हसले. बाई गंमत करतात असंच मला वाटलं. त्या चहा ठेवायला उठल्या.

त्यानंतर मी पिपरीला गेले ती त्या गेल्याची खबर आल्यावर. रोज एक वाजता फोन लावणं मला काहीच जड गेलं नसतं.