तिथं नखं कोण कापतं?

दुपारचं जेवण आटोपून मृणाली पडवीत चटईवर आडवी होते. पोटात सोलकढी-भात आणि छातीवर फोन. झोपायचं नाही असं तिने ठरवलंय, आणि ठरवलेलं पाळण्यात ती कशी आहे ते तिच्या आईला विचारावं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पदव्युत्तर शिक्षणाला तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय आणि त्यातलं एक आज पाचच्या आत नक्की करायचंय. एक पुण्यात. काचेची इमारत, मावशीचं घर दहा मिनिटांवर, आणि जमलंच तर शेवटच्या वर्षी चार आठवडे रुग्णालय. दुसरं रेल्वेने दीड दिवसावर, एका जुन्या मनोरुग्णालयाच्या आवारातच. तिथं पहिल्या आठवड्यापासून वॉर्डात उभं राहायचं. आई म्हणते पुणं. मैत्रिणी म्हणतात पुणं. मृणालीचं महिनाभर तळ्यात-मळ्यात चाललंय.

वरचे वासे डोळ्यांपुढे पातळ होत जातात. शेजारी कुणीतरी नारळ सोलतंय. तो आवाज लांब जातो, आणि मग तो नारळाचा राहतच नाही, खुर्च्या सरकवल्याचा होतो.

पुण्यातल्या कॉलेजचं ऑफिस आहे. खुर्च्यांची रांग, गार हवा, आणि चौथ्या खुर्चीवर खाकी कपड्यांत बाबा बसलेत. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. पण मृणालीला धक्का बसत नाही. तिला एवढंच वाटतं की हे इतके दिवस इथं बसून होते आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. तिला त्यांच्या शेजारी बसायची इतकी घाई होते की पायातली चप्पल मागेच राहते.

बाबा, म्हणजे दत्ताराम पाष्टे, गावातल्या सरकारी मनोरुग्णालयात एकतीस वर्षं अटेंडंट होते. शाळेत कुणी विचारलं तर मृणाली 'सरकारी नोकरीत आहेत' म्हणायची आणि विषय बदलायची. आता ती त्यांना दोन्हीकडचं सगळं सांगते. कुठं कोण शिकवतं, नाव कुणाचं मोठं, नोकरी कुठून लवकर लागते. बाबा मान खाली घालून ऐकतात. तिचं संपल्यावर विचारतात,

"तिथं नखं कोण कापतं गो?"

"कुणाची?"

"पेशंटची."

ती दोन्ही माहितीपुस्तकं उलटीपालटी करते. ग्रंथालय आहे, वसतिगृह आहे, संचालकांचं दोन पानी मनोगत आहे. नमनाला घडाभर तेल, पण नखांविषयी अक्षर नाही.

"लिहिलेलं नाही, बाबा."

"मग इचारायला नको?" म्हणत ते उठतात.

खुर्च्यांची रांग संपते तिथं जांभ्या दगडाची भिंत सुरू होते. बाकावर हिरव्या कपड्यांतली माणसं हात पुढे करून बसलीत आणि बाबा एकेकाची नखं कापतायत. घरी ते वॉर्डाबद्दल चकार शब्द काढत नसत. इथं मात्र ते तिला शिकवतायत. समोर बसून प्रश्न विचारलेस तर माणूस मिटतो, म्हणतात. त्याचा हात हातात घ्यायचा आणि घाई करायची नाही.

"तोंडाकडं बघायचं नाय, बाय. नखाकडं बघायचं. तिसऱ्या बोटाला माणूस बोलाय लागतो."

तीन वर्षांच्या बी.ए.त हे कुणी सांगितलं नव्हतं. बाबा नेलकटर तिच्या हातात देतात. ती पुढच्या माणसाचा हात घेते, खाली बघते आणि तिला तो हात ओळखू येतो. मनगटाजवळ भाजल्याची खूण आहे. बाक आता बाक नाही, खाट आहे. खाटेवर बाबाच आहेत आणि त्यांची नखं वाढलेली आहेत.

हे असंच झालं होतं. झटका आल्यावर बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते. मृणालीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती दाराबाहेर बाकड्यावर बसून मानसशास्त्र वाचत होती. आत जायची, सलाइन बघायची, परत येऊन वाचायची. शेवटी तोंडात तुळशीपत्र ठेवताना तिचं त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. जन्मभर दुसऱ्यांची नखं कापलेल्या माणसाची नखं कुणी कापली नव्हती. हे ती आजवर कुणाशी बोललेली नाही.

ती कापायला लागते. नखं जाड आहेत, नेलकटर जोर लावून दाबावं लागतं. खूप विचारायचंय, पण ती तोंडाकडे बघत नाही. अंगठा होतो. तर्जनी होते. मधल्या बोटाला बाबा बोलतात.

"तू भायेर वाचत होतीस ना, पान उलटलंस की आवाज यायचा. बरं वाटायचं."

मृणालीला नख दिसेनासं होतं. ती बाहीने डोळे पुसते आणि महिनाभर मनात अडकलेलं विचारून टाकते. "बाबा, मला तिकडं जावंसं वाटतं, ते तुमच्यासाठीच ना? तुमचा हात धरायचा राहिला म्हणून?"

"माझ्यासाठी नको जाऊस," बाबा म्हणतात. "माझी झाली कापून. लोकांची राहिल्येत."

करंगळी उरते. ती संपली की बाबा जाणार, हे तिला कळलंय. म्हणून ती अगदी कणाकणाने कापते, आणखी थोडं, आणखी थोडं.

"काय गो, निजलीस?" आई खांदा हलवतेय. साडेचार वाजलेत. "पुण्याला कळवलंस?"

मृणाली उठून बसते. "आई, मी तिकडं जाते."

आई बोलायला लागते. दीड दिवसाचा प्रवास, परकी भाषा, आणि इथलं मनोरुग्णालय गल्लीच्या टोकाला असताना जी कधी फाटकातून आत गेली नाही, तिला आता हे सुचतंय. बोलता बोलता ती थांबते. मृणाली उजव्या हाताचा अंगठा चोळतेय.

"काय झालं? बघू."

अंगठ्याच्या पेरावर लालभडक वळ आहे, आत दबलेला, बारीक पट्टी बराच वेळ रोवल्यासारखा. चटईवर फोनशिवाय काही नाही.

आई तो वळ उजेडाकडे धरून बघते. मग ती खालीच बसते.

"गुरुवारी यायचा हा तुझ्या बाबांना," ती म्हणते. "चाळीस माणसांची नखं कापून घरी यायचे. मी कोकमाचं तेल चोळायची. तुला ठाऊक नाय, तू शाळेत असायचीस."

ती त्या वळावरून स्वतःचा अंगठा हळूहळू फिरवत राहते. मग म्हणते, "पोचलीस की फोन कर."

उजवा हात आई सोडत नाही, म्हणून मृणाली डाव्या हातानेच फोन उचलते आणि पाच वाजायच्या आत तिकडचा प्रवेश नक्की करते.