हाळी पोचेल असं सॉफ्टवेअर

किस्से काही कुणी गोळा करत नाही. गिरणीच्या भिंतीवर पीठ बसतं तसे ते आपोआप बसतात. आमच्या कोळवणच्या गिरणीपुढच्या बाकड्यावर तर रोज झाडा, उद्या पुन्हा तेवढेच! मी चौथी नापास माणूस. पण आमच्या खोऱ्याच्या वेबसाइटचं सॉफ्टवेअर निवडायला मी होतो, आणि तिथं जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाकड्याच्या एका टोकाला दत्तोबा, दुसऱ्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ किसन. घरं भिंतीला भिंत लागून, पण बांधावरून भांडले आणि बोलणं बंद. मधे मी.

"अण्णा, त्याला सांगा, सरक म्हणावं," दत्तोबा म्हणायचा.

"अण्णा, त्यालाच सांगा, बाकडं काय त्याच्या बापाचं न्हाई!" किसन.

अरे, बाप एकच की रे तुमचा!

---

दत्तोबाचा आवाज म्हणजे काय सांगू! भाताच्या लावणीला बांधावर उभा राहून हाळी द्यायचा, तर वरच्या वाडीवरची माणसं हातातलं काम टाकून खाली यायची. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज जाईल.

दत्तोबा घरी येऊन सुनेला म्हणाला, "मंग वाचवायचं काय हाय त्यात?"

सून रेखा, हिंजवडीला कंपनीत. ती रडली नाही. लॅपटॉप घेऊन थेट गिरणीवर आली! बाकड्यावरच्या सासऱ्याला म्हणाली, "मामा, आपल्या खोऱ्याची वेबसाइट काढू. ज्यानं त्यानं आपलं लिहायचं, बोलायचं, बाकीच्यांनी खाली उत्तर द्यायचं. तुमचा आवाज तिथं राहील."

"मोबाईलच्या ग्रुपवर टाक की," मी म्हणालो.

"अण्णा, तिथं उद्या गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जाईल."

हे मात्र खरं! मी म्हणालो, "बैल घेताना आपण जुपून बघतो. तुझी सॉफ्टवेअरं पण जुपून दाखव."

---

पहिलं अगदी फुकट. दत्तोबानं लावणीबद्दल सांगितलेलं रेखानं त्यात टाकलं, तर शेजारी जाहिरात उगवली: निसर्गरम्य खोऱ्यात फार्महाउस प्लॉट! फोटोजवळ डोळे नेऊन बघितलं, तर आमचाच ओढा!

"काढ ते!" मी ओरडलो. "आमच्याच ओसरीवर बसून आमचंच रान विकतंय!"

---

दुसरं देखणं. रंग काय, फोटो काय! पण त्यात आवाज चढेना. रेखानं नाना खटपटी केल्या, छे! दत्तोबा बघत होता. म्हणाला, "हे तर माज्याआदीच मुकं झालंय!"

हसलो सगळे. किसनसुद्धा हसला, पण तोंड तिकडे करून.

---

तिसरं मात्र वेगळंच निघालं. मी सवयीनं विचारलं, "मालक कोण हाय ह्याचा?"

"एक कुणी नाही," रेखा म्हणाली. "जगभरातली माणसं मिळून बनवतात. ज्याला चूक दिसली तो दुरुस्त करतो. आवाज चालतो. आणि उद्या दुसरीकडे जायचं ठरलं, तर आपलं सगळं उचलून नेता येतं."

"पगार कोण देतं त्यांना?"

"बहुतेकांना कुणीच नाही."

"एकमेकांना वळखत्यात तरी?"

"कित्येकांनी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही."

एकाच्या रानात सगळ्या गावानं आपापले बैल घेऊन नांगरायला उतरावं, अशी इर्जिक मी पाहिली आहे. पण अख्ख्या जगाची इर्जिक! आणि हितं सख्खे भाऊ एका बाकड्यावर सरकून बसंनात!

---

वरच्या वाडीची ठकूबाई रानभाजी विकून दळण न्यायला आली होती. तिला अक्षर ओळखता येत नाही. रेखानं तेच तिसरं मोबाईलवर उघडून पुढे धरलं, "मावशी, काहीपण बोला." ठकूबाई म्हणाली, "शेवळाची भाजी काकडाची आंबट फळं घालूनच शिजवायची, न्हाईतर नरडं खाजतं." बोलता बोलता पडद्यावर अक्षरं धावायला लागली!

म्हातारी बघतच राहिली. मीसुद्धा.

"माज्या तोंडातनं पडलं ते हितं उगवलं व्हय?" बोटानं हळूच अक्षरांना शिवली आणि रेखाला म्हणाली, "उपटू नगंस हां."

सॉफ्टवेअर तिथंच पक्कं झालं.

---

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेखा मोबाईल पुढे धरून म्हणाली, "मामा, आता तुमची हाळी." दत्तोबा उठला, तोंडाशी हात धरले. आम्हाला वाटलं, लावणीची हाळी देणार.

"किसनाऽऽ! जेवायला येऽऽ!"

लहानपणी रानातून हीच हाळी मारायचा तो. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. किसन उठला आणि पीठ न घेताच निघून गेला.

---

ऑपरेशन झालं. दत्तोबा घरी आला, ओसरीवर सतरंजीवर बसला, गळ्याला पट्टी. आम्ही जमलो. रेखानं वेबसाइट सुरू केली आणि सगळ्यात आधी ती हाळी लावली. माणूस समोर मुका बसलेला, आणि त्याचा आवाज पार खोरंभर!

रेखा ताटं वाढायला लागली. मोबाईल टिंग करून वाजला. हाळीखाली पहिलं उत्तर आलं होतं. तिनं मोठ्यानं वाचलं, "आलो."

वर बघितलं, तर दारात किसन. हातात स्वतःचं ताट.

दत्तोबा सरकला.